मालवाहू जहाजातून मार्केसास बेटांवर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाच्या पापीते बंदरातून ‘अरानुई ५’ नावाचं जहाज मार्केसास बेटांना रसद पोचवतं आणि त्याच फेरीत प्रवासीही नेतं. या प्रवासाबद्दल ओळखीपाळखीचे लोक जे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वेळापत्रक, भाडं आणि व्हिसाचे नियम बदलत असतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी जहाज कंपनीकडून आणि फ्रेंच वकिलातीकडून ताजी माहिती घ्या.

हे जहाज मालवाहू आहे की क्रूझ?

दोन्ही आहे, पण मालाचा मान पहिला. जहाजाची लांबी १२६ मीटर. पुढच्या भागात क्रेन आणि मालाची कोठारं, मागच्या भागात केबिन, जेवणघर आणि एक छोटा तरणतलाव. माल सुमारे ३,२०० टन मावतो, प्रवासी दोनशेच्या वर. ‘अरानुई’ नावाची जहाजं या बेटांवर अनेक दशकं फिरत आहेत. १९८४ पासून त्यांच्यावर प्रवासी घ्यायला सुरुवात झाली. सध्याचं जहाज चीनमध्ये बांधलं गेलं आणि २०१५ च्या अखेरीस कामाला लागलं. आधीचं होतं ‘अरानुई ३’. मधला चार आकडा गाळला, कारण जहाजाचे मालक चिनी वंशाचे आहेत आणि चिनी लोक चार हा आकडा अशुभ मानतात.

रात्री ऑर्केस्ट्रा, कॅसिनो, कॅप्टनबरोबर सुटाबुटातलं जेवण, असलं काही डोक्यात असेल तर हा प्रवास तुमच्यासाठी नाही. संध्याकाळी खलाशीच युकुलेली घेऊन गायला बसतात, आणि त्यातलेच काही जण सकाळी सहाला क्रेनवर दिसतात.

बेटं नेमकी कुठे आहेत? जहाज कुठून कुठे जातं?

मार्केसास हा फ्रेंच पॉलिनेशियाचा, म्हणजे फ्रान्सच्या अखत्यारीतल्या पॅसिफिक बेटांचा, ईशान्येकडचा द्वीपसमूह. ताहितीपासून साधारण १,४०० किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या दक्षिणेला ८ ते ११ अंशांच्या पट्ट्यात. एकूण बारा-एक बेटं, त्यांतल्या सहांवर वस्ती : नुकू हिवा, उआ पोऊ, उआ हुका, हिवा ओआ, ताहुआता आणि फातू हिवा. सगळी मिळून लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी.

फेरी साधारण बारा दिवसांची. पापीतेहून निघाल्यावर बहुधा तुआमोतू समूहातल्या एखाद्या प्रवाळ बेटावर थांबा असतो, मग एक अख्खा दिवस नुसतं पाणी, आणि त्यानंतर मार्केसासची सहाही बेटं. परतीच्या वाटेवर रांगीरोआ आणि बोरा बोरा ही नावं यादीत दिसतात. बेटांचा क्रम फेरीगणिक मागेपुढे होतो, कारण तो मालावर ठरतो. ‘अमुक वाढदिवस अमुक बेटावरच’ असला हट्ट धरून बुकिंग करू नका.

विमानाने जाता येत नाही का?

येतं. पापीतेहून नुकू हिवा आणि हिवा ओआला विमानं जातात, तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. उआ पोऊ आणि उआ हुकावर छोट्या विमानांपुरत्या धावपट्ट्या आहेत. ताहुआता आणि फातू हिवावर मात्र विमानतळ नाही, तिथे समुद्रावाचून वाट नाही. शिवाय सिमेंट, फ्रीज, तांदळाची पोती आणि गॅसची सिलिंडरं काही विमानातून येत नाहीत. फातू हिवावर कुणी घर बांधायला काढलं, तर त्याच्या पायापासून पत्र्यापर्यंत सगळं बोटीच्या पोटातूनच उतरतं. हे लक्षात ठेवून जहाजावर चढलात की उशीर, आवाज, बदललेले बेत यांच्याकडे बघायची नजर बदलते.

माल उतरत असताना प्रवाशांनी काय करायचं?

माझं ऐकाल तर निदान एका बेटावर सहलीला उशिरा जा, नाहीतर जाऊच नका, आणि धक्क्यावर उभे राहा. पैसे देऊन आलेले बरेच जण गाईडच्या मागे लगबगीने निघून जातात, आणि या प्रवासात सगळ्यांत मोलाचं जे आहे ते त्यांच्या पाठीमागे घडत राहतं.

नुकू हिवाच्या ताइओहाए गावात किंवा हिवा ओआच्या आतुओनात जहाज धक्क्याला लागतं. फळी पडायच्या आधीच पिकअप गाड्यांची रांग लागलेली असते. दुकानदार हातात यादी घेऊन उभा, शाळेचा माणूस वह्यांच्या खोक्यांसाठी आलेला, एखादं जोडपं नव्या वॉशिंग मशीनची वाट बघत बसलेलं. क्रेन एकेक जाळं उचलते, फोर्कलिफ्ट मागेपुढे करतात, खलाशी पावत्या तपासत नावं पुकारतात. पोरंटोरं, कुत्री, म्हाताऱ्या आज्या, अख्खं गाव तिथे लोटतं.

धक्का नसलेल्या ठिकाणी खरी कसोटी. फातू हिवाला जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि माल सपाट तळाच्या बार्जमध्ये उतरवतात. या बेटांभोवती प्रवाळाची भिंत जवळपास नाहीच, त्यामुळे खुल्या समुद्राची लाट थेट आत येते. बार्ज दीड-दोन मीटर वरखाली होत असते आणि क्रेनचं ओझं वर लोंबकळत असतं. खाली उभा खलाशी हात वर करून थांबतो, एक लाट जाऊ देतो, दुसरी जाऊ देतो, आणि बार्ज वर आली त्या क्षणी ओझ्याला हात लावून ते अलगद खाली घेतो. आरडाओरडा नाही, घाई नाही. हे काम तासन्‌तास न कंटाळता बघता येतं.

परतीला बोट रिकामी जात नाही. खोबऱ्याची पोती, नोनीच्या फळांची पिंपं, लिंबं, पपनसं आणि रिकाम्या बाटल्या चढतात. खोबरं ही इथली मुख्य रोकड. नारळ फोडून वाट्या सरकत्या छपराच्या माळ्यांवर वाळवतात, पोत्यांत भरून बोटीवर देतात, आणि ताहितीच्या गिरणीत त्याचं तेल निघतं. खोबऱ्याला भाव मिळावा म्हणून सरकार पदरचे पैसे घालतं, नाहीतर बेटांवरची बरीच कुटुंबं कधीच पापीतेला गेली असती. वाळत्या खोबऱ्याचा तो तेलकट, किंचित खवट वास कोकणातल्या माणसाला सांगावा लागणार नाही.

उआ हुकाचं वाइपाए चुकवू नका. खाडी इतकी चिंचोळी की समुद्रावरून तिचं तोंड दिसतच नाही. आत शिरल्यावर जहाज जागच्या जागी फिरवावं लागतं. खलाशी छोट्या होड्यांतून दोन्ही बाजूंच्या कड्यांपाशी जातात, दोर बांधतात, आणि ते ताणून-सोडून १२६ मीटरचं धूड वळवलं जातं. हे भल्या पहाटे होतं. गजर लावून डेकवर जा.

खर्च किती येतो? कोणती केबिन घ्यावी?

स्वस्त प्रवास नाही हा. डॉर्मिटरीतली बंक घेतली तरी माणशी भाडं लाखांत जातं, आणि बाल्कनीवाल्या खोलीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यावर ताहितीपर्यंतचं विमानभाडं. भाड्यात तिन्ही वेळचं जेवण आणि बेटांवरच्या बहुतेक सहली येतात. घोडेस्वारी, डायव्हिंग, बारमधली पेयं यांचे पैसे वेगळे.

खोली घेताना खिडकीपेक्षा जागा बघा. समुद्र लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची खोली घ्या, तिथे डोलणं कमी जाणवतं. वरच्या मजल्याची बाल्कनी फोटोत छान दिसते, पण तिथे झुलाही मोठा. क्रेनकडच्या बाजूला आवाज राहणार. एकटे असाल आणि पैसे वाचवायचे असतील तर डॉर्मिटरी खुशाल घ्या, कारण दिवसभर खोलीत कुणी बसतच नाही.

बुकिंग कधी आणि कोणत्या क्रमाने करावं?

वर्षभराचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. डॉर्मिटरी आणि स्वस्त केबिन सर्वांत आधी संपतात, म्हणून आठ-दहा महिने आधी हालचाल करा. आधी जहाजावरची जागा पक्की करा, मग बदलता येण्याजोगं विमानाचं तिकीट, मग व्हिसा. उलट्या क्रमाने गेलात तर तिकीट हातात आणि जहाज भरलेलं, अशी गत व्हायची.

पापीतेत किमान दोन दिवस आधी पोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि चुकलं तर पुढची फेरी काही आठवड्यांनी. परतीला निदान एक दिवस मोकळा ठेवा.

भारतीय पासपोर्टवर कोणता व्हिसा लागतो?

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही. युरोपच्या सहलीसाठी काढलेला नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. फ्रान्सच्याच व्हिसा केंद्रामार्फत अर्ज करायचा, पण त्यात जाण्याचं ठिकाण फ्रेंच पॉलिनेशिया आहे हे स्पष्ट लिहायचं. मिळालेल्या व्हिसावर तशी नोंद आहे का, हे केंद्रातून बाहेर पडायच्या आधी बघा. जहाजाच्या बुकिंगचं पत्र, पापीतेतल्या हॉटेलचं आरक्षण, विमा आणि परतीचं तिकीट जोडावं लागतं. पर्यटन कंपनीच्या काउंटरवर ‘फ्रान्सचा व्हिसा आहे ना, मग झालं’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांच्यावर विसंबू नका, वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या.

दुसरी अडचण वाटेतल्या देशाची. अमेरिकेतून गेलात तर विमान बदलण्यापुरतं उतरायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. न्यूझीलंडमार्गे ट्रान्झिट व्हिसाची चौकशी करा. जपानमार्गे त्याच दिवशी विमान मिळत असेल तर काम सोपं, पण मुक्काम पडला तर तिथलाही व्हिसा बघावा लागेल.

मुंबईहून ताहितीला पोचायचं कसं?

थेट विमान नाही. ऑकलंड, टोकियो किंवा लॉस एंजेलिस यांपैकी एका ठिकाणाहून पापीतेचं विमान धरायचं. या मार्गांवर रोज विमान नसतं, म्हणून मधले दिवस आधी जुळवून घ्या.

ऑकलंड किंवा टोकियोहून गेलात तर वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडता. मंगळवारी संध्याकाळी ऑकलंडहून निघालेलं विमान सोमवारी रात्री पापीतेला उतरतं. हॉटेलचं आरक्षण करताना इथे हमखास घोळ होतो, तारखा कागदावर मांडून बघा. ताहितीची वेळ भारताच्या साडेपंधरा तास मागे. मार्केसासची वेळ ताहितीच्या अर्धा तास पुढे, म्हणजे आपल्याहून बरोबर पंधरा तास मागे. घरी फोन करताना हे उपयोगी पडतं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण आधी सांगावं लागेल. बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, आणि जहाजावर चढल्या दिवशी जेवणघरातल्या प्रमुखाला पुन्हा भेटून सांगा. ‘शाकाहारी’ म्हटल्यावर मासे चालत असतील असं तिथे सहज धरलं जातं, तेव्हा मासे, कोंबडी, मटणाचं पाणी, काहीच चालत नाही हे सुटं सुटं सांगा. अंडी आणि दूध चालतं का तेही सांगा. जहाजावरचं जेवण फ्रेंच वळणाचं असतं : ताजा पाव, सूप, सॅलड, भात, फळं. मसालेदार काही मिळेल ही आशा सोडा.

बेटांवरचं जेवण निराळं. गावातल्या बायका-पुरुष मिळून ते करतात. जमिनीत खड्डा, त्यात तापलेले दगड, वर केळीची पानं, आणि त्यात तासन्‌तास भाजलेलं डुक्कर. नारळाच्या दुधातलं बोकडाचं मटण आणि लिंबू-नारळाच्या रसातली कच्ची मासळी हे तिथले मानाचे पदार्थ. मांसाहारी असाल तर ही मेजवानी सोडू नका. शाकाहारी माणसाला त्याच पंगतीत नीरफणस मिळतो. हो, तोच, कोकण-गोव्यात ज्याच्या कापा करतात तो. इथे तो अख्खा निखाऱ्यावर भाजतात, सोलतात आणि नारळाच्या दुधाबरोबर खातात. कुटून, आंबवून त्याचा ‘पोपोई’ही करतात. पूर्वी आंबवलेला नीरफणस जमिनीतल्या खड्ड्यात वर्षानुवर्षं साठवून ठेवत, दुष्काळात गाव त्यावर तगायचं. सोबत तळलेली केळी, रताळी, पपई-केळ्याचा नारळदुधातला गोड ‘पोए’ आणि पपनस. इथलं पपनस इतकं रसाळ असतं की रोज एक खाल्लं तरी पुरेसं वाटत नाही.

घरून सुकी चटणी, मेतकूट, लाडू न्यायला हरकत नाही. ताजी फळं, भाज्या, बिया, मध नेऊ नका, बेटांवर कीड जाऊ नये म्हणून नियम कडक आहेत. न्यूझीलंडमार्गे जात असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करा, नाहीतर जबर दंड होतो.

समुद्र लागेल का? कोणत्या महिन्यात जावं?

तुआमोतू ते मार्केसास हा टप्पा खुल्या पॅसिफिकचा आहे. जून ते ऑगस्ट आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात असतात, तेव्हा जहाज चांगलंच डोलतं. हवा मात्र वर्षभर २५ ते ३० अंशांच्या आसपास. मार्केसासला चक्रीवादळं क्वचित येतात. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये, जाणं मला सोयीचं वाटतं.

गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, निघायच्या आधी घ्यायची. कोणती, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. पहिल्या दिवशी पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि तडस लागेपर्यंत खाऊही नका. डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसा.

आई-वडिलांना नेता येईल का?

वय आड येत नाही, गुडघे येतात. प्रवाशांत निवृत्त लोकच जास्त असतात आणि जहाजावर लिफ्ट आहे. अडचण बार्जची. धक्का नसलेल्या ठिकाणी जहाजाच्या कुशीतल्या जिन्यावरून हलत्या बार्जमध्ये उतरावं लागतं. दोन धिप्पाड खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरतात, लाट वर येईपर्यंत थांबवतात, आणि ‘आता’ म्हणताच पाऊल टाकायचं. इथे धीटपणा दाखवून स्वतःच उडी मारायची नाही, आणि त्यांचे हात झिडकारायचेही नाहीत. ज्यांना एक जिना धरून धरून उतरावा लागतो, त्यांनी त्या दिवशी जहाजावर थांबावं. गावात पुढे उघड्या-बंद्या जीपमधून खडबडीत रस्ते आहेत, पाठदुखीवाल्यांनी तेही लक्षात घ्यावं.

जहाजावर डॉक्टर असतो. पण मोठं काही झालं तर ताहितीला विमानाने न्यावं लागतं, म्हणून तातडीच्या हलवाहलवीचा खर्च देणारा विमा हवाच. नेहमीची औषधं दुप्पट घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा.

फातू हिवावरचा ट्रेक झेपेल का?

ओमोआ गावातून डोंगर चढून पलीकडे हानावावेला उतरायचं, सुमारे १६ किलोमीटर. सह्याद्रीत महिन्या-दोन महिन्यांनी जाणाऱ्याला अवघड नाही, पण चढ सरळ अंगावर येतो आणि सावली थोडी. पाणी भरपूर घ्या. शेवटच्या उतारावर गुडघे बोलू लागतात, काठी असलेली बरी. उतरताना समोर हानावावेची खाडी उघडते, काळ्या बेसॉल्टचे सुळके उभे, आणि मध्ये आपलं जहाज नांगरलेलं. जे चालत नाहीत त्यांना जहाज त्या खाडीत घेऊन जातंच.

एकेका बेटावर थोडाच वेळ मिळतो. काय बघावं?

सगळं बघायला जाऊ नका. मला महत्त्वाची वाटणारी ठिकाणं सांगतो.

नुकू हिवावर हातिहेऊजवळचं कामुइहेई. जंगलात दगडी चौथऱ्यांची जुनी वसाहत, त्यावर वडाच्या जातीचं प्रचंड झाड, कातळावर कोरलेली कासवं आणि माणसं. अशी ओसाड गावं दरीदरीत आहेत. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी इथली माणसं इतकी मेली की १९२० च्या दशकात सगळ्या बेटांवर मिळून दोन-अडीच हजारच उरली होती. चौथरे रिकामे का आहेत, ते इतकं सरळ आहे. मिशनऱ्यांनी गोंदण आणि नाच बंद पाडले होते. ते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत तिथल्या लोकांनी हट्टाने परत आणले. जहाजावरच्या खलाशांच्या अंगावरचं गोंदण बघताना हे माहीत असावं. जुलै २०२४ मध्ये ही बेटं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

हिवा ओआच्या पुआमाऊत ताकाईई हा अडीच मीटरहून उंच दगडी तिकी, म्हणजे पूर्वजाची किंवा देवाची कोरलेली मूर्ती, उभा आहे. आतुओनाच्या टेकडीवरच्या दफनभूमीत चित्रकार पॉल गोगँ (मृत्यू १९०३) आणि बेल्जियन गायक जाक ब्रेल (मृत्यू १९७८) यांच्या कबरी आहेत. गोगँची चित्रं थोर, पण अगदी कोवळ्या वयाच्या मुलींशी त्याचं वागणं काय होतं, तेही गाईडला विचारा. ब्रेलबद्दल तिथे आजही आपुलकीने बोलतात : तो स्वतःच्या छोट्या विमानातून टपाल आणि आजारी माणसं ताहितीला नेत-आणत असे.

फातू हिवावर बायका झाडाची साल भिजवून, लाकडी दांड्याने ठोकून ठोकून ‘तापा’ नावाचं कापड करतात. हातभर सालीची पट्टी ठोकता ठोकता कशी रुंदावत जाते, ते जवळ बसून बघा. उआ हुका आणि ताहुआतावर लाकूड आणि हाडांवरचं कोरीव काम. लाकडांत ‘मिरो’ असतं, ते म्हणजे आपल्या किनाऱ्यावर उगवणारी परस भेंडी. आणि उंडीचं झाडही तुम्हाला जागोजागी भेटेल.

‘नोनो’ माश्या खरंच इतक्या वाईट असतात का?

हो. डोळ्यांना जेमतेम दिसतात, चावताना कळत नाहीत, दुसऱ्या दिवशी पाय सुजून लाल होतात. किनाऱ्यावर आणि ओलसर दऱ्यांत जास्त. लांब बाह्या, पूर्ण पँट, उघड्या अंगाला तेल किंवा डास पळवणारं मलम. खाजवायचं नाही. खाजवून झालेल्या जखमा त्या दमट हवेत चिघळतात. डासांमुळे डेंग्यूही होतो, त्यामुळे संध्याकाळी निष्काळजी राहू नका.

पैसे कसे न्यावेत? घासाघीस चालते का?

चलन सीएफपी फ्रँक, युरोशी कायमचं बांधलेलं : एका युरोला ११९.३३ फ्रँक. रुपये कुठेच बदलून मिळत नाहीत, युरो न्या. एटीएम मोठ्या गावांतच, म्हणून पापीतेतच रोख काढून घ्या. कारागीर रोखच घेतात.

घासाघीस करू नका. तिथे तशी रीत नाही, आणि महिनाभर खपून कोरलेल्या वस्तूचा भाव पाडणं समोरच्याला लागतं. परवडत नसेल तर छोटी वस्तू घ्या. कारागिराच्या हातातच सगळे पैसे पडतात, हे या खरेदीचं मोठं समाधान.

मोबाइल, इंटरनेट, वीज?

इंटरनेट मिळतं, पण त्यावर ऑफिसचं काम काढायचा बेत करू नका. वीज २२० व्होल्ट, युरोपीय दोन गोल पायांचे सॉकेट. तीन पिनांचे चार्जर असतील तर अडॅप्टर हवा.

वागण्या-बोलण्यात काय पाळावं?

भेटल्यावर ‘काओहा’ म्हणा. तिकींवर आणि जुन्या देवस्थानांच्या दगडांवर चढू नका, बसू नका. तिथे पुरलेले पूर्वज आहेत अशी लोकांची श्रद्धा आहे. रविवारी चर्चमधलं सामूहिक गाणं ऐकायला जा, पण खांदे-गुडघे झाकून. फोटो विचारून काढा. धक्क्यावर फोर्कलिफ्टच्या वाटेत उभं राहू नका, आणि माल घ्यायला आलेल्या माणसांना आधी पुढे जाऊ द्या.

इतक्या लांब जमणार नाही. अशी दुसरी जहाजं आहेत का?

आहेत. बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरतं, म्हणून बहुतेक मालवाहू जहाजांवर बाराच जागा असतात. पॅसिफिकमधल्याच पिटकेर्न बेटाला रसद नेणारं जहाज फ्रेंच पॉलिनेशियातल्या मांगारेवा बेटाहून प्रवासी घेतं. दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान दा कुन्याला केपटाउनहून मासेमारीच्या आणि रसदीच्या जहाजाने आठवडाभर किंवा त्याहून जास्त लागतो. तिथे जायला बेटाच्या मंडळाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, आणि पोचल्यावरही समुद्र शांत नसेल तर उतरता येत नाही. या दोन्ही ठिकाणी बेटकऱ्यांची गरज आधी बघतात, उरल्या जागा पाहुण्यांना.

घराजवळ हवं असेल तर कोचीहून लक्षद्वीपला जाणारी जहाजं आहेत. ती प्रवासी जहाजं आहेत, पण बेटांवरच्या लोकांचा किराणा-सामान आणि तुम्ही एकाच डेकवर असता. काही बेटांवर जहाज बाहेर थांबतं आणि छोट्या होडीत उतरावं लागतं. प्रवेशपरवाना आधी काढावा लागतो, तिकिटं मर्यादित असतात, आणि पावसाळ्यात फेऱ्या विस्कळीत होतात. ऑक्टोबर ते एप्रिलमधला काळ धरा. समुद्र आपल्याला कितपत लागतो, हेही तिथे थोडक्या खर्चात कळून येईल.